वर्षभराच्या कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? आधी ओठ वर करून बघा

“आवं, कुत्र्याचंच तोंड हाय, वास येणारच की.” परभणी, लातूर, बीड, कुठंही जा, हे ऐकायला मिळतं. म्हाताऱ्या कुत्र्याबद्दलही ते खरं नाही, आणि सहा महिन्यांच्या, वर्षा-दोन वर्षांच्या तरण्या कुत्र्याबद्दल तर मुळीच नाही. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला वास असतो, पण तो सौम्य असतो, नुकतंच जे खाल्लं त्याचा असतो आणि थोड्या वेळानं जातो. कुत्रं जवळ आल्यावर आपण मान फिरवावी इतका सडका वास दिवसभर येत असेल, तर कुठंतरी बिघडलंय. तरण्या कुत्र्याचा हा बिघाड बहुतेक वेळा तोंडातच असतो, डोळ्यांना दिसतो आणि वेळेत धरला तर बरा होतो.

म्हणून वास घालवायच्या मागं लागण्याआधी तो कशाचा आहे ते शोधायचं. पुदिन्याच्या वासाची बिस्किटं, तोंडात मारायचे स्प्रे असं पुष्कळ काही दुकानात मिळतं. त्यानं तास-दोन तास वास झाकला जातो आणि आजार आत तसाच वाढत राहतो.

तोंडात हात घालण्याआधी

इथं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडं यात माणसं जिवाला मुकतात. कुत्र्याची लाळ गळतेय, खालचा जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतंय, अशी लक्षणं दिसली की घरचे म्हणतात, “हाडूक अडकलं असंल,” आणि कुणीतरी तोंडात हात घालतं. रेबीजचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. त्यात कुत्रं पिसाळून अंगावर येत नाही, उलट गप्प होतं. त्यामुळं रेबीजची लस झालेली नसेल, किंवा झाली की नाही हे माहीत नसेल आणि ही लक्षणं असतील, तर हात घालायचा नाही. कुत्र्याला बंद खोलीत किंवा जाळीत ठेवून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं. हात घालून झाला असेल, लाळ जखमेला, खरचटलेल्या जागी, डोळ्यांत किंवा तोंडात गेली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, डोळे-तोंड नुसत्या भरपूर पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. ती तिथं मोफत मिळते. जखमेला हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

पुढचं सगळं घरातल्या लस झालेल्या, खेळत्या-खात्या, ओळखीच्या कुत्र्यासाठी आहे.

बघायचं कसं

जबडा उघडायची घाई करू नका. सकाळच्या उजेडात, दाराशी, कुत्र्याच्या शेजारी बसा. समोर उभं राहून वाकलं की बहुतेक कुत्री बिचकतात. एका हातानं हनुवटी धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गालाच्या कोपऱ्याकडचा ओठ वर करा. वरच्या बाजूला मागं एक मोठी, सुरीच्या पात्यासारखी दाढ दिसेल. आधी तीच बघा. लाळेची मुख्य नळी तिच्या समोरच गालात उघडते, म्हणून घाण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिच्या बाहेरच्या अंगाला धरते. दात स्वच्छ पांढरा आहे, की हिरडीच्या कडेला पिवळी-तपकिरी रेघ आहे?

मग हिरडी. ती फिकट गुलाबी असावी. कित्येक देशी कुत्र्यांच्या हिरडीवर काळे पट्टे असतात, ते जन्माचेच, त्याची काळजी नको. दाताला लागून असलेली कड लालभडक, सुजलेली दिसली, बोट लागताच रक्त आलं, तर वासाचं कारण बऱ्याच अंशी सापडलं. हिरडी बोटानं दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. ती मुळातच पांढुरकी असेल, तर अंगात रक्त कमी असू शकतं. आपल्या भागात त्यामागं बहुधा गोचीड किंवा जंत निघतात.

शेवटी, कुत्रं देत असेल तरच, जबडा उघडून टाळू आणि जिभेखाली नजर टाका. त्यानं नाही म्हटलं तर सोडून द्या, उद्या बघता येतं.

चार ते सात महिन्यांचं पिल्लू असेल तर

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या फुटतात, थोडं रक्त येतं, अन्नाचे कण तिथं अडकतात, आणि तोंडाला रक्तासारखा, लोखंडी वास येतो. पिल्लू चपला, खाटेचे पाय, झाडूचा दांडा, जे हाती लागेल ते चावतं. पडलेले दात बहुतेक वेळा ते गिळून टाकतं, त्यानं काही होत नाही. हा वास आपोआप जातो. स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार करा, पिळून तुमच्यासमोर चावायला द्या. एवढं पुरे. ते गिळणार नाही याकडं मात्र लक्ष ठेवा.

आता खरी मेख. कायमचा दात आला आणि दुधाचा पडलाच नाही, असं पामेरियन, शिह त्झू, पग यांसारख्या छोट्या जातींत फार होतं. सुळ्यांच्या जागी एकाऐवजी दोन-दोन दात चिकटून उभे दिसतात, एक जाड आणि एक बारीक, सुईसारखा. दोघांच्या मधल्या फटीत भाकरीचा तुकडा, केस, मांसाचा धागा अडकतो, कुजतो, आणि आठ महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडाला म्हाताऱ्या कुत्र्यासारखा वास मारायला लागतो. नवा दात वाकडा येतो ते वेगळंच. एका जातीचे दोन दात एका जागी एका वेळी असू नयेत, हा साधा नियम लक्षात ठेवा. सहाव्या-सातव्या महिन्यात ते तसे दिसले तर दुधाचा दात डॉक्टरांकडून भूल देऊन काढावा लागतो. बरीच माणसं याच वयात नसबंदी करून घेतात. एकाच भुलीत दोन्ही कामं होतात, खर्चही वाचतो. नसबंदीची तारीख घेताना दातांचं आठवणीनं सांगा. घरी पक्कड लावून उपटायचा मोह टाळा. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब असतं, ते आत मोडलं की पू होतो.

वास बनतो कसा

वासाचा कारखाना दातांच्या कडेला असतो. दात घासून साफ केले तरी काही तासांत त्यांच्यावर जंतूंचा मऊ, चिकट, डोळ्यांना जेमतेम दिसणारा थर बसायला सुरुवात होते. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. हे जंतू लाळेतली आणि अन्नातली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू सुटतात. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो यातल्याच एका वायूचा. थर रोज पुसला तर गोष्ट तिथंच संपते. दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरून तो कडक होतो. बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून जे क्षाराचं पांढरं पापुद्र्याचं कवच धरतं, तसंच हे. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त क्षारीय असते, म्हणून त्याला आपल्यासारखी दातांची कीड कमी लागते, पण हे कीटण मात्र लवकर धरतं.

कीटण एकदा धरलं की ते ब्रशनं निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर आणखी जंतू बसतात, हिरडी सुजते, दातापासून सुटते, मधे खोबण तयार होते आणि खरा घाणेरडा वास त्या खोबणीतून येतो. हिरडीची नुसती सूज असेपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. दात धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं की ते परत येत नाही. दात लहान जबड्यात दाटीवाटीनं असल्यामुळं छोट्या जातींत हे दीड-दोन वर्षांच्या वयातसुद्धा सुरू झालेलं सापडतं. मोठ्या देशी कुत्र्यात, लातूरकडं पाळतात त्या लांब तोंडाच्या कारवान कुत्र्यात, दातांना जागा भरपूर असते. तरीही नुसतं दूध-भाकरी कुस्करून वाढलं, चावायला काहीच नाही आणि दात कधी पुसले नाहीत, तर तिथंही कीटण धरतंच.

ज्या पिल्लाला लहानपणी डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक गंभीर विषाणूजन्य आजार) होऊन गेला, त्याच्या दातांकडं जास्त लक्ष द्या. दात हिरडीत तयार होत असताना हा आजार झाला तर वरचं चकचकीत आवरण नीट बनत नाही. दात खड्डेखड्ड्यांचे, तपकिरी निघतात आणि त्यांवर घाण पटकन बसते.

अडकलेलं काहीतरी

वास परवा नव्हता आणि आज अचानक आला, तोही एका बाजूनं जास्त, असं असेल तर मला पहिला संशय अडकलेल्या वस्तूचा येतो. शेतावरच्या कुत्र्याला चघळायला काय मिळतं? ऊसतोडीच्या दिवसांत उसाची कांडी, एरवी कडब्याचं धाट, सरपणाची ढलपी, मटणाचं हाड. यातला एखादा तुकडा दोन्हीकडच्या वरच्या दाढांच्या मधे, टाळूला आडवा असा फिट्ट बसतो की जीभ लावूनही कुत्र्याला तो काढता येत नाही. ओठ वर करून तो दिसत नाही, जबडा उघडून टाळूकडं बघितल्यावरच दिसतो. कुत्रं पंजानं तोंड घासतं, डोकं झटकतं, ताटलीशी जाऊन परत फिरतं, पहिले एक-दोन दिवस लाळ गाळतं. मग त्याला सवय होते, ते परत खायला लागतं, घरचेही विसरतात, आणि आठवड्यानं तोंडाजवळ जाववत नाही. तुकड्याखाली टाळूला जखम होऊन ती कुजत असते.

नळीच्या हाडाची गोल कडी खालच्या जबड्यात सुळ्यांच्या मागं अडकलेली सापडते. सुतळी किंवा मांजा जिभेच्या मुळाशी गुंडाळलेला असू शकतो. तो ओढायचा नाही, दुसरं टोक पोटात गेलेलं असतं आणि ओढल्यानं आतडं कापलं जातं. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की कुसळं हिरडीत, जिभेखाली, घशात घुसतात. बारीक असल्यानं ती शोधायला डॉक्टरांनासुद्धा भूल द्यावी लागते. टाळूतला तुकडा मोकळा दिसत असेल आणि कुत्रं शांत असेल तर हलक्या हातानं काढा. रुतलेला असेल तर दवाखाना.

तरण्या कुत्र्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ओठांवर, जिभेवर, हिरडीवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे छोटे मस. बघून माणूस घाबरतो, कॅन्सर म्हणतो. बहुतेक वेळा ते विषाणूचे मस असतात, दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांना होतात, एकमेकांच्या तोंडातून पसरतात आणि एक ते तीन महिन्यांत आपोआप गळतात. खूप झाले, चावले जाऊन चिघळले, तरच वास येतो. एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या आणि तोवर त्याचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा.

खाणं, शेण आणि जंत

तोंड आतून स्वच्छ आहे आणि तरीही अधूनमधून घाण वास येतो, तर कुत्रं बाहेर काय खातं ते बघा. गावात शेण, माणसाची घाण, उकिरड्यावरचं, मेलेलं जनावर, काहीही. पिल्लं बरंचसं कुतूहलानं खातात. पोटभर आणि सकस न मिळाल्यानंही खातात. त्याला मारून उपयोग नाही, मारलं की ते लपून खायला शिकतं. फिरायला नेताना दोरी लावा, अंगणातली त्याची विष्ठा लगेच उचला, आणि भाकरीसोबत अंडं, बिनहाडाचं शिजवलेलं मांस अशी प्रथिनं द्या. सुकट-बोंबील खाल्ल्यावर येणारा वास वेगळा, तो काही तासांत जातो.

“तोंडाला वास म्हणजे जंत झाले” हे पूर्ण खरं नाही. जंतांनी पोट बिघडतं, पिल्लू वाटेल ते खात सुटतं, आणि त्या वाटेनं वास येतो. तरी जंताचं औषध पाहिजेच. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर साधारण दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं.

एक चकवाही असतो. वास तोंडाचा वाटतो पण असतो शेपटीखालच्या ग्रंथींचा. त्या भरल्या की कुत्रं बूड जमिनीवर घासतं, तिथं चाटतं आणि मासळीसारखा वास तोंडाला लागतो. लोंबत्या ओठांच्या कुत्र्यात ओठाच्या घडीत लाळ साचून कातडी कुजते. ती घडी उघडून, ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी ठेवली की फरक पडतो.

वाट बघायची नाही ती वेळ

पिल्लू मलूल, उलट्या, रक्ताचे दुर्गंधी जुलाब, आणि सगळ्या अंगालाच एक घाण वास, असं दिसलं तर तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार, असू शकतो. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखान्यात न्या. ग्लुकोजचं पाणी पाजत घरी बसण्यात पिल्लं जातात. याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू करून, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची असते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि उन्हात फिरलेली लस वाया जाते, म्हणून ती फ्रीजमधूनच काढलीय ना हे विचारायला लाजू नका.

लघवीसारखा, अमोनियाचा वास तोंडाला येत असेल, कुत्रं पाणी खूप पीत असेल, लघवी खूप करत असेल, वाळत चाललं असेल, तोंडात फोड असतील, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी. तरण्या कुत्र्यात हे कमी दिसतं, पण जन्मजात दोषानं होतं, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसनंही होतं. लेप्टो माणसालाही लागतो, अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा. गोडसर, पिकल्या फळासारखा वास आणि सोबत तहान, हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. रक्ताच्या साध्या तपासणीत या गोष्टी कळतात.

घरचे उपाय: काय करायचं, काय अजिबात नाही

आधी काय नाही ते. माणसाची टूथपेस्ट नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. त्यातला फ्लोराईड आणि फेस त्याला बाधतो. काही पेस्टमध्ये आणि बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोडी आणणारा पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याची रक्तातली साखर अचानक कोसळते आणि यकृत निकामी होऊ शकतं. मिशरी तर चुकूनही नको. ती भाजलेली तंबाखू आहे, छोट्या कुत्र्याचा त्यानं जीव जाईल. लवंगतेल, कापूर, टी ट्री तेल, कांदा-लसणाचा रस, खायचा सोडा, यातलं काहीच नको. दात दुखतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका. आपल्याला चालणाऱ्या या गोळ्या कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड आणि यकृत खराब करतात.

शिजवलेली हाडं नकोत. ती फुटून धारदार होतात. फार टणक हाडानं, सांबराच्या शिंगानं ती मोठी वरची दाढ तडकते. चावायला दिलेल्या वस्तूत नख रुतलं नाही तर ती दातांसाठी जास्तच कडक आहे असं समजा.

खरा उपाय एकच, रोज दात घासणं. हसू नका, होतं. पहिला आठवडा नुसता ओठ वर करायचा, शाबासकी द्यायची, सोडायचं. मग बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या चिकन-पाण्यात बोट बुडवून दातांवरून फिरवायचं. पुढं बोटाला गॉज गुंडाळायचा. मग लहान मुलाचा मऊ ब्रश आणि कुत्र्यासाठीची पेस्ट, तीही नसेल तर नुसतं पाणी. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून दातांची फक्त बाहेरची बाजू घासायची, आतली बरीचशी जीभ साफ ठेवते. एका बाजूला अर्धं मिनिट पुरतं. एकाच वेळेला, संध्याकाळी जेवणाआधी वगैरे, केलं की कुत्रं स्वतःहून येऊन बसतं. दात बदलत असताना हिरडी ठणकत असेल तर ते दिवस सोडा. हिरडी लाल, रक्ताळ असेल तर ब्रश घेण्याआधी डॉक्टर.

कीटण धरलेलंच असेल तर दवाखान्यात भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, यंत्रानं साफ करावं लागतं, हिरडीच्या खालचंसुद्धा. भूल न देता वरवर खरडून देणारे भेटतात. त्यानं दात पांढरा दिसतो, पण खोबणीतली घाण तशीच राहते. नुसत्या अँटिबायोटिकनं चार-आठ दिवस वास जातो आणि परत येतो, कारण जंतूंचं घर जागेवरच असतं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी होऊ शकते. पुढची सोय लागली तर परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या दवाखान्यात कुत्र्यांवर उपचार होतात.

जाताना लसीचं कार्ड न्या. वास कधीपासून आहे, अचानक आला की हळूहळू वाढला, कुत्रं एका बाजूनं चावतं का, पाणी किती पितं, बाहेर काय खातं, हे सांगा. भूल द्यायची ठरली तर मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतात. चार महिन्यांच्या आतलं किंवा अगदी छोट्या जातीचं पिल्लू मात्र तसं रात्रभर उपाशी ठेवू नका, त्याची साखर उतरते. किती तास ठेवायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.